न वाचलेली सूचना

मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. पेपर सोडवण्याआधी सूचना नीट वाचा, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसतो.

गेल्या हिवाळ्यात सहामाहीचे मार्क ऑनलाइन भरायचे होते. स्टाफरूममधला कॉम्प्युटर आठवडाभर रडतखडत चालत होता. त्या दिवशी नववीचा पूर्ण वर्ग भरत आणला आणि स्क्रीन जागीच अडकली. भरलेलं सगळं गेलं. आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडम कंत्राटावर होत्या, रोज सौंसरहून बसने यायच्या. त्या आत आल्या आणि मी हेडमास्तरांसकट सगळ्यांसमोर ओरडलो, "काय करून राहिल्या मॅडम तुम्ही? एक मशीन धड ठेवता येत नाही, मग पगार कायचा घेता?"

मॅडमनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली.

सगळे तासाला गेल्यावर त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मी माझे आधीचे टॅब परत उघडले. थोड्या वेळात स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकट आली, तीच जी आठवडाभर रोज येत होती.

"सर, हे आलं की तुम्ही काय करता?"

"फुली मारतो. जाहिरात असन."

"वाचून तं पाहा."

वाचलं. साध्या इंग्रजीत लिहिलं होतं की हे टॅब कॉम्प्युटरवर फार भार टाकत आहेत, बंद करायचे का? खाली नावं होती. पहिलं क्रिकेटच्या मॅचचं. दुसरं पत्त्यांच्या खेळाचं, जो मी रिकाम्या तासाला खेळायचो. माझे कान तापले. मॅडमनी काही न विचारता दोन्ही बंद केले. कॉम्प्युटर सुरळीत चालू लागला.

"चुकलं माझं, मॅडम," मी हळूच म्हणालो.

"असू द्या, सर."

मधल्या सुट्टीत सगळे पुन्हा जमले. हेडमास्तरांनी विचारलं, "सुधरला का कॉम्प्युटर?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "हो सर, मॅडमनी दुरुस्त करून दिला." म्हणजे बिघाड मशीनचाच, आणि दोष त्यांचाच राहिला. मॅडम डबा खात होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अर्ध्या डब्यावर झाकण लावलं.

पुढच्या सत्रात त्यांचं कंत्राट वाढलं नाही. का वाढलं नाही, हे हेडमास्तरांना विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.