ब्राह्मीच्या हाताला बंदी

निपाणीत कुणालाबी विचारा, बाळाबाईचं तोंड कसं हाय. फाटकं म्हणत्यात. म्हणूदेत! पण ब्राह्मीबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी आपल्या तोंडाला लगाम घालत न्हाय.

ही ब्राह्मी म्हंजे श्रीपाल अण्णांची सून. अण्णा तंबाखूचे व्यापारी, जैन समाजात मोठं नाव, वर बस्तीच्या, म्हंजे त्यांच्या देवळाच्या, कमिटीवर. आन् मी बिडी वळणारी बाई. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून जन्म गेला माझा. त्या मानेनं आन् उजव्या खांद्यानं असं काय धरलं की केस विंचरायला हात वर जाईना. माझी सून वेणी घालायची, ती बी तोंड वाकडं करून. स्वतःची वेणी घालता येत न्हाय म्हंजे बाईचं काय ऱ्हायलं हो?

ब्राह्मीनं बेळगावात खासबागला मावशीकडं राहून मसाजचा कोर्स केला. अंगाला कुठं हात लावायचा आन् कुठं अजिबात लावायचा न्हाय, सगळं शिकून आली. गिरणीशेजारी खोली भाड्यानं घेतली आन् बोर्ड लावला, वर कन्नड, खाली मराठी. ब्राह्मी मसाज केंद्र, फक्त महिलांसाठी. झालं! गावाच्या पोटात दुखायला लागलं. मसाज म्हटलं की ह्यांच्या डोक्यात नुसती घाण. सुरुवातीला बायका कमी आन् बाप्यांचे फोन जास्त. "म्याडम, फुल बॉडी करता काय?" मी तितं असले की ब्राह्मी फोन माझ्या हातात द्यायची. मी म्हणायची, "करते की रं मुडद्या, ये. येताना आईला घेऊन ये, तुझ्यामागं पळून पाय दुखत असतील तिचे." त्यांचा परत फोन येत नसे.

कुणीतरी तिला शहाणपण शिकवलं, बोर्डावर ब्यूटी पार्लर लिही, इज्जतीचं दिसतंय. ती म्हणाली, "मसाज करते, मसाजच लिहिणार. ज्याला लाज वाटते त्यानं दुसऱ्या रस्त्यानं जावं." दिसायला मऊ, पण आतनं लई चिवट पोरगी.

मी पहिल्यांदा गेलते तवा तिनं मला हातच लावला न्हाय. "मावशी, हाताला मुंग्या येतात का?" येतात म्हटल्यावर सरळ डॉक्टरकडं पाठवलं. मी अशी भडकले! अंग चोळून घ्यायला आलते आन् ही बया दवाखाना दाखवतीया. डॉक्टर म्हणाले भ्यायचं काय न्हाय, तवा कुठं तिनं तेल कोमट केलं. खांद्यामागच्या हाडाच्या कडेनं तिचा अंगठा हळू सरकायचा, गाठीवर येऊन थांबायचा. मी श्वास सोडला की तेवढाच आत जायचा. कडकड हाडं मोडणं न्हाय, काय न्हाय. वर दम बी द्यायची, "मी जादू करत न्हाय मावशी. परत दिवसभर मान घालून बसलात तर परत धरणार. मधनंमधनं उठत जावा." काही आठवड्यांनी एका सकाळी माझी मीच वेणी घातली. आरशापुढं ढसाढसा रडले. खोटं कशाला सांगू?

त्या वर्षी चातुर्मासाला बस्तीत एक माताजी आलत्या. त्यांच्यातल्या साध्वी त्या, गावोगाव अनवाणी चालायच्या. संध्याकाळी बायकांनी त्यांचे पाय चेपायचे, तेल लावायचं, त्याला वैयावृत्ती म्हणत्यात. लई पुण्याचं काम. त्यात ब्राह्मी सगळ्यांच्या पुढं. माताजींच्या पायाला हात लावून आली की तिचं तोंड असं उजळायचं, बगत ऱ्हावं. अण्णा तर चारचौघांत सांगत फिरायचे, "आमच्या सुनंच्या हाताला गुण हाय."

आन् मग एक दिवस मी पालथी पडलेय, अंगावर चादर, मानेवर ब्राह्मीचा हात, तवर पडद्यापलीकडं अण्णांचा आवाज. बरोबर कमिटीतले दोघं. ब्राह्मी बाहेर गेली. आत कोण हाय हे त्यांनी विचारलंच न्हाय.

"ब्राह्मी, समाज बोलतोय," अण्णा म्हणाले. "पैसे घेऊन कुणाच्याबी अंगाला लागणारे हात माताजींच्या पायाला नकोत. हे बंद कर. न्हायतर बस्तीच्या हॉलमधी फुकट कर, सेवा म्हणून. नाव होईल तुझं."

मग ब्राह्मी म्हणाली, "अण्णा, आपण तंबाखू फुकट वाटतो काय?"

पडद्याआड मी तोंडात चादर कोंबली.

"ती तंबाखू वळून ह्या बायकांच्या माना धरल्यात," ब्राह्मी थांबली न्हाय. "तंबाखूचे पैसे चालतात आन् मान सोडवल्याचे चालत न्हाईत? मला माझी विद्या फुकटात घालवायची न्हाय."

"साकु!" अण्णा गरजले. साकु म्हंजे पुरे. चिडले की ते कन्नडात जातात. "उद्यापासनं माताजींच्या पायाला हात लावायचा न्हाय. ठरलं!"

मला कुठलं ऱ्हावतंय! चादर गुंडाळली आन् तशीच तेलकट बाहेर आले. "अण्णा, ही मान बगा. तुमच्याच तंबाखूनं धरलीती, हिनं सोडवली. पुण्य कुणाचं आन् पाप कुणाचं, करा हिशोब!" ते दोघं भिंतीकडं तोंड करून उभे. अण्णा पायऱ्या उतरून गेले.

ते गेल्यावर पोरगी खाली बसली आन् हमसून रडली. माझा जीव तुटला. म्हटलं, "थोडे दिवस बंद ठेव. चातुर्मास झाला की उघड." डोळे पुसत म्हणाली, "आज बंद केलं की मी चुकत होते असंच ठरेल. न्हाय मावशी. झोपा, खांदा ऱ्हायलाय तुमचा."

मग रोज संध्याकाळी बाकीच्या बायका बस्तीत आन् ब्राह्मी गिरणीशेजारी. तिकडं माताजींच्या पोटऱ्या सुजल्या, टाचा फुटल्या. बायका भक्तीनं चेपायच्या, पण दाबायचं कुठं ते कळायला नको? आन् साध्वी काय मागत न्हाईत, ह्या पोरीला बोलवा असं त्या कशा म्हणणार! हे सगळं रोज बगत होत्या अनुराधाआक्का, ब्राह्मीची सासू. जन्मात नवऱ्यापुढं ब्र काढला न्हाय ह्या बाईनं.

एक दिवस दुपारी मी ब्राह्मीच्या खोलीवर बसलेय आन् आक्का दारात. चपला काढल्या. पहिल्यांदाच आलत्या. ब्राह्मी उठून उभी ऱ्हायली.

"तुझ्या हाताला बंदी हाय," आक्का म्हणाल्या. "माझ्या हाताला कुणी घातलेली न्हाय. मला शिकव."

"आई, शिकायचं तर कुणाचेतरी पाय पाहिजेत," ब्राह्मी म्हणाली, आन् दोघी माझ्याकडं बगायला लागल्या.

मी पाय लुगड्याखाली ओढले. "अगं बाई, माझे नकोत! भेगा पडल्यात, धुळीनं भरल्यात."

आक्कांनी ऐकलं न्हाय. खाली फरशीवर बसल्या आन् माझा पाय ओढून मांडीवर घेतला. ज्यांच्या वखारीची तंबाखू मी जन्मभर वळली, त्या घरची मालकीण! ब्राह्मीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "भ्यायचं न्हाय आई. टाच तळहातात बसवा. आता अंगठा वर न्या, सावकाश." आक्कांचा अंगठा आधी घसरला, मग बसला. मी म्हटलं, "आक्का, अजून दाबा."

तेवढ्यात दारात अण्णा. बायकोला शोधत आलेले. आत बगितलं आन् जागच्या जागी थांबले. "अनुराधा! ऊठ. घरला चल."

आक्कांनी मान वर केली न्हाय.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "हिचा दुसरा पाय ऱ्हायलाय."

मी दुसरा पाय पुढं केला.