अकोल्याचा सौदा

अकोल्याच्या एका दवाखान्यानं माझ्या वहिनीला फसवलं. पैशात नाही, शब्दात. तो शब्द मीच मिळवून दिला होता, म्हणून माझा संताप जास्त आहे.

थोरल्या भावाचा फ्लू छातीत उतरला. अमरावतीत अतिदक्षता विभागात खाट मिळेना, म्हणून त्याला अकोल्याला हलवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी वहिनीला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की विषाणूवरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. ऑक्सिजन आणि बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच. त्यावर काही रोग्यांना हे औषध मिळेल, काहींना तशाच दिसणाऱ्या बाटलीतलं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवणार. डॉक्टरांनाही ते कळणार नाही.

मी संत्र्याचा व्यापारी. दुसऱ्याच्या बगीच्यात फळं तोडण्यापासून वर आलो. मालक रस्त्याकडच्या झाडाचं फळ दाखवतो, मी आतल्या झाडाचं कापून पाहतो. मी सरळ म्हटलं, "मॅडम, पाणीवाली बाटली आमाले नको. औषधवाली द्या, तुमी म्हणान तिथं सही करतो."

त्या म्हणाल्या, "काका, हे औषध चालतं हे मला माहीत असतं तर सगळ्यांनाच दिलं असतं. कदाचित अपायही करेल. तेच तर बघायचंय."

हे मला पटलं. खोटा माल विकणारा असं बोलत नाही. तरी मी अट घातली: चाचणी संपली की आमच्या माणसाला काय मिळालं आणि औषधाला गुण आहे की नाही, दोन्ही आम्हाला सांगायचं. त्या हो म्हणाल्या. मी हात पुढे केला. आमच्या बाजारात हातावर हात पडला की सौदा पक्का; मग भाव कोसळला तरी कोणी फिरत नाही. बाईंनी हातमोजा काढून माझ्या हातावर हात ठेवला. मगच वहिनीनं सही केली.

भाऊ वाचला नाही.

तेरवीच्या जेवणात वलगावची एक नातेवाईक बाई वहिनीला ऐकू जाईल अशी बोलली, "नवऱ्याले पाणी टोचाची सही केली इनं." तिला मी ताटावरून उठवून घालवलं, पण बोललेलं घरातून जात नाही. वहिनी आता दारावर येणाऱ्या भाजीच्या गाडीवरची वांगीसुद्धा स्वतः निवडत नाही. शेजारणीला निवडायला लावते.

काही महिन्यांनी मी अकोल्याला गेलो. डॉक्टरबाई बदलून गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेला डॉक्टर म्हणाला, चाचणी संपली, कोणाला काय दिलं ते उघड झालं, निकाल कंपनीकडे गेला. तुम्हाला सांगायचं ते कंपनी सांगेल. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, दवाखान्याला विचारा. परत गेलो तेव्हा डॉक्टर वैतागला.

"आता कळून काय करणार, काका? माणूस तर गेला ना."

मी टेबलावर हात आपटला. "माणूस आमचा गेला, अन् समजलं ते तुमाले. आमाले काहून नाही?"

त्याचं उत्तर म्हणून त्यानं सुरक्षारक्षकाला बोलावलं.

औषध कुचकामी निघालं असेल, तर वहिनीच्या सहीनं भावाचं काहीच गेलं नाही. तिला एवढं सांगायला यांच्या खिशातलं काय जातं? औषध गुणकारी निघालं आणि भावाच्या वाट्याला पाणी आलं असेल, तर तेही सांगा. ती रडेल, पण मग निदान म्हणता येईल की त्याच्यामुळे दुसऱ्यांना ते मिळतंय. आज तिच्याकडे दोन्हींतलं काही नाही. फक्त त्या नातेवाईक बाईचं वाक्य आहे.

डॉक्टरबाईंनी शब्द स्वतःच्या घरातून दिला नव्हता, दवाखान्याच्या खुर्चीवरून दिला होता. बाई बदलल्या, खुर्ची तिथंच आहे. आज त्या खुर्चीवर जो बसला आहे, त्यानं माझ्या वहिनीसमोर येऊन बसावं आणि तिच्या नवऱ्याला काय दिलं, ते तिच्या तोंडावर सांगावं.