वैऱ्याच्या हातचा पेला

"समोरची हलीमा गेली म्हणे. सुटली बिचारी," जिन्यात देसाईभाऊजी म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिचारी? कालपर्यंत हीच बाई त्यांच्या लेखी चेटकीण होती!

हलीमा सोमालियाची. तिकडे यादवी पेटली तेव्हा जीव मुठीत धरून पळालेली, इथे आखातात, अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन कपडे शिवणारी. मला 'उख्ती' म्हणायची, म्हणजे बहीण. शुक्रवारी दुपारी तिच्याकडे तिच्या देशाच्या बायका जमायच्या. ऊद जळायचा, ढोल वाजायचा, कुणाच्या तरी अंगात यायचं. आणि बायका कोण? ज्यांच्या माणसांनी एकमेकांची माणसं मारली, त्या दोन जमातींच्या! बाजारात समोर आल्या तर तोंड फिरवणाऱ्या.

एकदा मीही बसले होते. भाऊ मारला गेल्यापासून एक मुलगी बोलेनाशीच झाली होती. तिच्या अंगातलं वारं घुमलं, कॉफी मागू लागलं. हलीमा म्हणाली, "पहला प्याला दुश्मन के हाथ से. तभी छोड़ेगा." दुसऱ्या जमातीतली एक थोराड बाई उठली... तिचाही मुलगा गेला होता. तिने पेला पुढे केला. मुलगी कितीतरी वेळ घेईना. मग घेतला, आणि दोघी गळ्यात पडून अशा रडल्या की माझाही बांध फुटला. पुढच्या शुक्रवारी त्या मुलीने मला जिन्यात सलाम केला, चांगला मोठ्याने.

देसाईंनी मालकाचे कान भरले, "जादूटोणा चालतो, पोरं घाबरतात." अहो, नवरात्रात तुमच्या आईच्या अंगात देवी येते तेव्हा आम्ही ओटी घेऊन उभ्या राहतो, आणि हिच्याकडे आलं की भूत? ढोल बंद करा, नाहीतर घर खाली करा, असा निरोप आला. खलास! बायका यायच्या थांबल्या. हलीमा मात्र शुक्रवारी कॉफी उकळून दाराकडे बघत बसायची. "उख्ती, ये लोग फिर अलग हो जाएंगे," एवढंच म्हणायची. हृदय अधू होतं, हे खरं. पण तिला खचवलं ते त्या बंद दाराने, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तिचं मातीचं धुपाटणं बायकांनी माझ्याकडे ठेवलं. पुढच्याच शुक्रवारी मी ते माझ्या हॉलमध्ये पेटवलं आणि दोन्हीकडच्या बायकांना बोलावलं. मालक घर काढून घेईल? घेऊ दे! लेक नाक धरून म्हणाली, "ममा, द होल बिल्डिंग विल स्मेल!" तेवढ्यात बेल वाजली. दारात देसाईभाऊजी.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

चांगलं फैलावर घ्यायला तोंड उघडलं होतं मी. पण हातात नुकताच ओतलेला पहिला पेला होता... तोच पुढे केला.

"घ्या. तुम्ही माझ्याच हातून घ्यायला हवा."

त्यांनी घेतला नाही, पाठ फिरवून गेले. तेव्हापासून दर शुक्रवारी धुपाटणं पेटलं की मी पहिला पेला त्यांच्यासाठी ओतते, दार उघडं ठेवते. तो थंड होतो. मी पुन्हा गरम ओतते.