सरांच्या रक्तातलं पावणं

आमचे प्राणिशास्त्राचे सर हिवतापाच्या जंतूला ‘पावणं’ म्हणायचे. वर्गात हातवारे करत सांगायचे, “डासाबरोबर पावणं येतंय, लिवरात दम खातंय, मग तांबड्या पेशीत शिरतंय. आतलं समदं खातंय, गोतावळा वाढवतंय आन् जाताना घरच फोडून जातंय. अशी लाखभर घरं एकदम फुटली की तुम्हास्नी हुडहुडी भरती.” परीक्षेत आम्ही हेच जरा शुद्ध करून लिहायचो आणि मार्क मिळायचे.

सरांचं एकच दुखणं होतं, कॉलेजची जुनी स्लाइड. तिचा रंग पार उडाला होता. सूक्ष्मदर्शकात काही दिसायचं नाही, पोरं पुस्तकातलं चित्र उतरवायची. सर चिडायचे, “न बघता काढलेलं चित्र म्हंजे न जेवता दिलेला ढेकर.”

मी एम.एस्सी.ला असताना सरांनाच हिवताप झाला. रिपोर्ट हातात पडताच त्यांनी मला फोन केला. आवाज तापाने थरथरत होता, पण खुशी लपत नव्हती. “कोऱ्या स्लाइडी आन् सुई घिऊन ये. पावणं घरी आलंय.”

सरांच्या राजारामपुरीतल्या घरी पोचले, तर सर पांघरुणात कुडकुडत बसलेले आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गोळी-पाणी घेऊन समोर उभ्या. सर गोळी घेईनात. गोळीने जंतू मेले, तर स्लाइडवर दाखवायचं काय?

“डोळं पिवळं पडल्यात तुमचं,” काकू कडाडल्या. “अंगात तांबडं रगात ऱ्हायलंय कुठं? पोरास्नी दाखवायला तुमीच न्हाय ऱ्हायला, तर?”

मीही घाबरले होते. काकूंनी माझ्या हातातली सुई घेतली आणि सरांच्या बोटात अशी टोचली की सर ओरडलेच. मी थेंब काचेवर पसरला. तो वाळायच्या आत गोळी सरांच्या पोटात गेली होती.

सर बरे झाले. पुढे काकूंनी इतकं बीट खायला घातलं, की ताटात लाल काही दिसलं तरी ते दचकायचे. स्लाइड मात्र रंगवल्यावर सुरेख निघाली. गुलाबी पेशी, त्यातल्या काही फुगलेल्या, आत जांभळ्या अंगठ्यांसारखे जंतू. दर बॅचला सर सांगायचे, “निवांत बघा, घरचंच हाय.”

गेल्या वर्षी सर गेले. त्याच प्रयोगशाळेत आता मी शिकवते. ती स्लाइड लावली, की सर वर्गातच आहेत असं वाटतं आणि बरं वाटतं.

परवा काकू आल्या. “ह्यांचं ते पावणं दाव मला,” म्हणाल्या. मी स्लाइड लावून दिली. बराच वेळ त्यांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. दिसत नसेल म्हणून भिंग नीट लावायला मी हात पुढे केला, तर त्यांनी तो धरून ठेवला.

“दिसतंय की,” त्या म्हणाल्या. “त्या दिशी सुई जरा जोरातच टोचली मी.”