दोन पांढऱ्या तारा

नजरबादच्या एका गल्लीत आमचं गॅरेज होतं. एका वेळी एकच गाडी आत मावायची. साखरेनं यांचे डोळे अधू झाले, तेव्हा यांनी मला तिथं नेऊन स्टुलावर बसवलं. गिऱ्हाइकांना वाटायचं, घरी करमत नाही म्हणून बाई येऊन बसते. खरं तर मीटर मी वाचत होते.

यांना बोल्ट, नळी, तार बोटांनी कळायचं. आकडा बोटांना कळत नाही. मी चौथी शिकलेली, तीही कन्नड शाळेत. मराठी लिहायला आईनं घरी शिकवलं. इंग्रजी येत नाही. पहिल्याच दिवशी हे म्हणाले, "अक्षरं सोड. आकडे सांग तेवढे."

डोळ्यांचं कुणाला कळू नये म्हणून आमची एक रीत होती. गिऱ्हाईक कन्नड असलं की मी आकडा मराठीत पुटपुटायचे. मराठी असलं की कन्नडात. परक्या माणसासमोर माझा आवाज तसाही फुटत नाही, त्यामुळे पुटपुटणं कुणाला खटकलं नाही.

एकदा गावाबाहेर येलवालकडे राहणारा एक पुण्याचा माणूस गाडी घेऊन आला. त्याला कन्नड येत नव्हतं. "काका, इंजिनाचा हा पिवळा दिवा काही विझत नाही," तो म्हणाला. "घरी बायको म्हणते, दिव्यावर टिकली चिकटवून टाका."

हे हसले. कोड दाखवणाऱ्या यंत्रावरचे आकडे मी हळूच सांगितले आणि यांनी ओळखलं. धूर बाहेर जातो त्या नळीत एक सेन्सर असतो. धुरात प्राणवायू किती उरला ते तो इंजिनाला कळवतो. पण तापल्याशिवाय त्याला काही कळत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक बारीक हीटर असतो. सेन्सरला चार तारा असतात, त्यातल्या दोन पांढऱ्या हीटरच्या. तक्रार त्या हीटरची होती.

फ्यूज चांगला होता. कनेक्टरपर्यंत करंट येत होता. मग यांनी दोन पांढऱ्या तारांना मीटर लावला. मीटर नवा होता. जुना काट्याचा पडून फुटला होता. आकडा किती पट धरायचा ते ठरवणारं जुन्याचं बटण हे स्वतः खटके मोजून फिरवायचे. नव्याला काही फिरवावं लागत नव्हतं.

"आरु पॉइंट एरडु," मी म्हणाले. सहा पॉइंट दोन.

"आकडा लहान आहे, मग हीटर चांगला आहे," हे म्हणाले. "तारेतच काहीतरी असणार." दुपारभर गाडीखाली पडून यांनी कनेक्टर घासला, एक खरचटलेली तार बदलली, कोड पुसला. दिवा विझला. तो माणूस खूश होऊन गेला.

चार दिवसांनी परत आला तो हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. दिवा पुन्हा लागला होता. त्याचं ऑफिस कडकोळला. तिथल्या गॅरेजात सेन्सर बदलून घेतला होता. जुना सेन्सर पिशवीत होता.

"हीटरच गेला होता काका. त्यांनी अर्ध्या तासात केलं." रागावला नव्हता तो. "आता वय झालं, आराम करा की जरा. काकू, सांगा ना तुम्ही यांना."

यांनी सेन्सर हातात घेतला, पांढऱ्या तारा चाचपल्या आणि मीटर लावला. तेच. आरु पॉइंट एरडु.

यांनी तारा पुन्हा चाचपल्या. मग कन्नडात विचारलं, "बेरे एनादरू इदेया?" आणखी काही आहे का.

होतं. आकड्याच्या शेजारी, मुंगीएवढं. एक उभी रेघ आणि तिला टेकलेल्या दोन तिरक्या काड्या. पहिल्या दिवशीही ते असणार. मला ती मीटरच्या कंपनीची खूण वाटली होती.

तो माणूस माझ्याकडेच बघत होता. त्या खुणेचं नाव मला येत नव्हतं. तिचं वर्णन करत बसले असते तर मीटर कोण वाचतं ते त्याला कळलं असतं.

"एनू इल्ला," मी म्हणाले. काही नाही.

घरी आल्यावर जेवताना हे म्हणाले, "शेजारी अक्षर असतं, तर तो आकडा हजारपट झाला असता. म्हणजे हीटर गेलेलाच. तेवढ्यासाठी विचारलं." मग थोड्या वेळानं, "नव्हतं ना, गं?"

तिथं तिसरं कुणी नव्हतं. भात वाढायचा थांबवून मी एवढंच म्हणायचं होतं, अहो, होतं. पण दुपारी खोटं बोलले हेही सांगावं लागलं असतं.

"नव्हतं," मी म्हणाले.

"मग मलाच कळेनासं झालंय," हे म्हणाले आणि ताक मागितलं.

त्यानंतर यांनी दुरुस्तीला गाडी घेतली नाही. महिन्याभरात शटरला कुलूप लागलं. पूर्वी रस्त्यावरून गाडी गेली की हे आवाजावरून सांगायचे, हिचा पट्टा सैल आहे, हिचा प्लग गेलाय. तेही बंद झालं. मीच मुद्दाम विचारायचे, "अहो, ही कसली खरखर?" हे म्हणायचे, "मला काय विचारतेस?"

असं दीड वर्ष गेलं. सांगायला दीड वर्ष होतं मला. यंदा हे गेले.

हत्यारं विकली. मीटर आणि तो सेन्सर मात्र ठेवून घेतला. काल स्वयंपाकघरात बसून दोन पांढऱ्या तारांना मीटर लावला. आकडा आला, शेजारी ते अक्षरही आलं. यांची खुर्ची दाराशीच आहे. तिच्याकडे बघून म्हणाले, "अहो, आहे. होतं." आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला. मग मीटर बंद करून ठेवला.