तपासणीचा कागद मी वाचला

हे लिहायला मी योग्य माणूस आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, लिहिण्याची सवय कुणालाच नाही, आणि ही गोष्ट तर अशी की आमच्याकडे पुरुष पुरुषांशीसुद्धा ती बोलत नाहीत. वाचणाऱ्यांनी मला माफ करावं. जिचं नुकसान झालं तिची माफी मागायचं धैर्य मला झालेलं नाही, म्हणून निदान घडलं तसं लिहून ठेवतो.

आमचं गाव पाटणच्या वर डोंगरात. थोरला भाऊ, दादा, लष्करात होता आणि त्याने साठवलेल्या पगारावर मी सांगलीत शास्त्र शिकत होतो. लढाई संपून तो घरी आला, त्यालाही बरेच दिवस झाले, तरी वहिनीला मूल नव्हतं. पूर्वी सवत आणली असती आणि वहिनी घरातच राहिली असती. पण एक बायको असताना दुसरी करायला नव्या कायद्याने बंदी आली होती. म्हणून काडीमोड करून तिला माहेरी पाठवायचं घाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत गोठ्यात शेण काढता काढता वहिनी मला म्हणाली, "भावजी, साताऱ्याच्या डाक्टरीणबाईनं मला तपासलंय. माझ्यात काय न्हाई म्हणाली. तुमच्या सांगलीत पुरुषांला तपासत्यात का?"

तसं तपासणारे एक डॉक्टर मला ठाऊक होते. मी वडिलांपुढे, आबांपुढे, विषय काढला.

"त्येला लष्करानं पास केलाय," आबा म्हणाले. "उघडा करून बघितलाय गोऱ्या डाक्टरनं. फिट म्हणून शिक्का हाय कागदावर."

"आबा, तितं छाती, डोळं, पाय बघत्यात. ह्ये न्हाई बघत."

"मग काय निम्मा माणूस भरती करत्यात व्हय रं?"

सगळे हसले, दादाही हसला. त्या हसण्याच्या भरातच तो म्हणाला, "चल की. माझं काय जातंय?"

विश्रामबागेत माझ्या खोलीवर तो उतरला. नमुना तासाभरात आणि गरम असतानाच पोचला पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी बाहेर पायरीवर बसलो. दादा सदऱ्याखाली, काखेत बाटली धरून बाहेर आला आणि तसाच टांग्यात बसला. शहर जवळ आल्यावर म्हणाला, "भरतीच्या रांगंत उघडा हुतो, तवाबी एवढी लाज वाटली न्हवती गड्या."

मी शास्त्राचा विद्यार्थी म्हणून डॉक्टरांनी मलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. गोल उजेड होता. त्यात काहीच हलत नव्हतं. पंधरा दिवसांनी दुसरा नमुना घेतला, त्यातही तेच. डॉक्टरांनी जुनी दुखणी विचारली. भरती झाल्यावर छावणीत दादाला गालफुगी झाली होती, मग खालीही सूज आली आणि तो तीन आठवडे खाटेवर होता. डॉक्टर सरळ मराठीत म्हणाले, "मूल होण्याची आशा धरू नका. बायकोकडे बोट दाखवू नका. घरी हे स्पष्ट सांगा." आणि इंग्रजीत कागद लिहून त्यांनी माझ्या हातात दिला.

दादाने मला खोटं बोल असं सांगितलं नाही. गावाकडे जाताना मोटारीत तो एवढंच म्हणाला, "तुझं अजून एक वरीस हाय न्हवं? शीक." मी तेवढ्यावरून समजलो.

सोप्यात आबा, आई आणि भावकीतले दोघे बसले होते. वहिनी दाराआड होती. मी कागद इंग्रजीत मोठ्याने वाचला, सगळा, एक शब्दही न गाळता.

"आता मराठीत सांग," आबा म्हणाले.

"दोष नाही असं लिहिलंय."

दादा खाली बघत होता. आबा म्हणाले, "म्या काय सांगत हुतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी वाढताना वहिनीने हळूच विचारलं, "भावजी, नीट वाचलं न्हवं?"

मी होय म्हणालो.

"तुमी वाचलं म्हंजी तसंच आसंल," ती म्हणाली आणि माझ्या ताटात दूध घातलं.

महिन्याभरात काडीमोड झाली आणि तिचा भाऊ तिला घेऊन गेला. मी परीक्षेचं कारण सांगून सांगलीतच राहिलो. पुढे तिच्या माणसांनी पूर्वेकडच्या दुष्काळी भागात, एका मेंढरंवाल्या बिजवराशी तिचा पाट लावला असं कळलं. दादाचं दुसरं लग्न झालं. माझी फी वेळेवर येत राहिली आणि मी पास झालो. वहिनीला पत्र लिहावं असं कितीदा मनात आलं. पण तिला वाचता येत नाही, ते दुसरंच कुणीतरी वाचेल, अशी मी स्वतःची समजूत घालत गेलो.

परवा घरून पत्र आलं. आबांनी गुरुजींकडून लिहून घेतलं आहे. पूर्वीच्या सुनेला तिकडे मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत. आमच्या गावचं पाणी तिला मानवत नसावं, असं आईचं म्हणणं आहे. नव्या सूनबाईला अजून काही नाही. मूल राहावं म्हणून सोमवारपासून तिचं मीठ बंद केलं आहे.