गावच्या पाण्याची रेघ

रागिणीचं गाव दर्यापूरकडचं, खारपाण पट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. प्यायला कॅनचं पाणी विकत येतं. ज्यांना ते जमत नाही ते विहिरीचंच पितात. शेतातल्या खतापायी त्यात नायट्राइट हा अपायकारक क्षार किती उतरलाय, हे गावातल्या गावात कळावं, म्हणून ती अमरावतीच्या प्रयोगशाळेत पऱ्हाटी जाळते.

कपाशीच्या त्या वाळल्या काड्या पोटॅशमध्ये भिजवायच्या, हवा लागू न देता भट्टीत तापवायच्या. उरतो तो हलका, काळा कोळसा, आत न दिसणाऱ्या भोकांनी भरलेला. त्याचा लेप एका कांडीच्या टोकाला द्यायचा आणि कांडी पाण्यात धरायची. नायट्राइट असलं की जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावरची रेघ उंचावते.

"आमी चुलीत घालतो ते तू मशीनमधी घालतं, अन् त्याले शिक्षण म्हनतं," तिची माय शकुनबाई म्हणायची.

अकोल्याच्या परिषदेत हे काम मांडायचं होतं. शुद्ध पाण्यात कांडी चालत होती. गावच्या पाण्यात चालेल का, एवढंच बघायचं राहिलं होतं. रागिणीने मायला विहिरीचं पाणी आणायला सांगितलं. माय एसटीने आली, बाटली सगळ्या वाटेत मांडीवर धरून.

रागिणीने त्या पाण्यात मोजून नायट्राइट घातलं. रेघ वर गेली, टोकदार, देखणी. ती लगबगीने बाहेर व्हरांड्यात आली, माय तिथे बाकावर बसली होती.

"माय, आपल्या पाण्यात चाललं वं."

"चालनारच न. गोड पाणी आनलं म्या. कॅनचं."

रागिणी बघतच राहिली.

"अशी काय पाहून राहिली? पाहुण्यापुढं आपन खारं पाणी ठेवतो काय? मंग तुह्या मशीनपुढं कसं ठेवू?" लेकीचा चेहरा पाहून मायचा आवाज उतरला. "चुकलं काय माह्यं?"

"नाही वं माय," म्हणत ती तिच्याजवळ बाकावर बसली.

संध्याकाळच्या गाडीने दोघी गावी गेल्या. सकाळी रागिणीने स्वतः विहिरीचं पाणी काढलं आणि परतली.

तेवढंच नायट्राइट घातलं, पण या वेळी रेघ अडखळली. मिठाने तिला दाबलं होतं. उंची जेमतेम निम्मी. कालची देखणी रेघ संगणकात होती, आणि ती कोणत्या पाण्याची, हे अकोल्यात कुणी विचारलं नसतं. रागिणीने ती काढून टाकली, मांडायला निम्मी ठेवली आणि मायला फोन लावला.

"निम्मंच दिसलं, माय."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"दिसलं न पण? मंग आंधळी नाही तुही कांडी."